कावळ्या-कबुतरांवरचा पॉडकास्ट कोण ऐकेल?

प्राणिशास्त्राचं शिक्षण नाही, हाताशी फक्त मोबाइल आहे, तरी शहरातल्या कावळे, कबुतरं, खारींवर पॉडकास्ट करावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. मीही हौसेने असाच पॉडकास्ट करतो. वाघाबद्दल ऐकून श्रोता खूश होतो, पण कबुतराबद्दल ऐकून तो खिडकीशी जातो आणि आपण सांगितलेलं खरं आहे का ते स्वतः पाहतो. ही ताकद फक्त रोजच्या प्राण्यांत आहे.

मात्र एका भागात एकच प्रश्न घ्या. नुसतं ‘कबुतर’ म्हटलं की माहितीची जंत्री होते. ‘कबुतराचं पिल्लू कधी दिसत कसं नाही?’ असं विचारलं की गोष्ट सुरू होते. पिल्लू जवळजवळ महिनाभर घरट्यातच राहतं आणि बाहेर पडतं तेव्हा साधारण आईबापांएवढं झालेलं असतं. सुरुवातीला नर आणि मादी दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा, दुधासारखा घट्ट स्राव त्याला भरवतात. किंवा चालताना मान का हलते ते घ्या. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांना ट्रेडमिलवर चालवलं. भोवतालचं दृश्य सरकेना, तशी मानही हलायची थांबली! कबुतर मान पुढे टाकून क्षणभर तिथेच धरतं, ते समोरचं स्थिर दिसावं म्हणून.

आवाजासाठी मोबाइल पुरतो. तो हातात न धरता कशावर तरी ठेवा, म्हणजे बोटांची खरखर येत नाही. एअरप्लेन मोड लावा, वारा अडेल असा आडोसा बघा. पहाटे रहदारी कमी असते आणि पक्षी जास्त बोलतात. प्रत्येक ठिकाणचा मिनिटभर नुसता भोवतालचा आवाजही घेऊन ठेवा, एडिटिंगमध्ये जोड लपवायला तो लागतोच. रहदारीची घरघर थोडी कमी करा, पण पार पुसू नका. नॉइज रिडक्शन जास्त झालं की पक्ष्याचा आवाज पत्र्यासारखा येतो. शिवाय तो गोंगाट हाच त्यांचा परिसर आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं २००३ च्या अभ्यासात दिसलं. वटवाघळं तूर्त बाजूला ठेवा. त्यांचे बहुतेक आवाज २० किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणारे असतात, त्याला वेगळा डिटेक्टर लागतो.

एका बाबतीत मी फार कडक आहे. पक्ष्याला बोलतं करायला त्याचाच आवाज स्पीकरवर लावू नका आणि घरट्याजवळ जाऊ नका. तुमच्याकडे नसलेला आवाज झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर शोधा, पण तिथे प्रत्येक रेकॉर्डिंगचा परवाना वेगळा असतो. तो वाचा आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव भागात घ्या.

पहिला भाग कावळ्यावर करा. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मुखवटे घालून कावळे पकडले, खुणेची कडी घालून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कोणीही आलं की कावळे ओरडत मागे लागायचे, त्यात कधीच न पकडले गेलेलेही असायचे. एवढं सांगा, आणि न पकडलेल्या कावळ्यांना हे कसं कळलं असेल, हा प्रश्न दुसऱ्या भागाला ठेवा.