'अ' तुकडीचं पत्र

"मॅडम, याला 'अ' तुकडीत घाला असं एक पत्र द्या, बाकी काही नको." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एक आई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. मुलगा सहावीतला, त्याला ओम म्हणू. दहा मिनिटांत गणितं उरकायची आणि मग शेजारच्याची कंपासपेटी लपवायची, हा त्याचा रोजचा उद्योग. कच्च्या मुलांपायी वर्ग रखडतो, असं आईंचं म्हणणं. (त्याच आठवड्यात दुसऱ्या एका आईने नेमकं उलटं सांगितलं होतं: हुशार मुलांमागे बाई पळतात, आमचा मागेच राहतो.)

पत्र दिलं नाही, वही मागितली. लवकर संपवल्याबद्दल ओमला तसलीच आणखी वीस गणितं दिलेली होती. पंधराव्यापासून अक्षर पार घसरलेलं. ही तर शिक्षाच झाली! "झालं ना, मग शेजारच्याला शिकव" हेही मला रोजच्यासाठी पटत नाही. ओमचंही शिकायचं राहिलेलं असतं.

शाळेत बाईंना भेटले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, त्यांच्यापुढे 57. दोन वेगळे धडे तयार करा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? मग एकच प्रश्न ठरवला: परिमिती 24 सेंटिमीटर असेल, तर पूर्ण सेंटिमीटरच्या बाजूंचे आयत किती, आणि सर्वांत मोठं क्षेत्रफळ कोणाचं? ज्यांना जड जातं त्यांनी चौकटीच्या कागदावर आयत काढून घरं मोजायची. ओमसारख्यांनी क्षेत्रफळ कसं वाढत जातं ते शोधायचं.

ओमने कोष्टक केलं: 11, 20, 27, 32, 35. "संपलं." भागाकाराला अडणारा त्याचा शेजारी घरं मोजत होता. म्हणाला, "सहा बाय सहा राहिला की."

"तो चौरस आहे."

"मग? चारी कोपरे काटकोनच आहेत ना?"

पुस्तक उघडलं गेलं. ओमने 36 लिहिले आणि फरकांच्या ओळीत 9, 7, 5, 3 पुढे 1 बसवला.

शेजाऱ्याचा भागाकार एवढ्याने सुटणार नव्हता. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस शेवटच्या तासिकेला पातळीनुसार गट बसतात. 'प्रथम' संस्थेचं काम पाहिलेल्यांना ही पद्धत माहीत असेल. दीड महिन्याने गट मोडून नव्याने करायचे, एवढं मी हट्टाने मागून घेतलं. नाहीतर 'ढ गट' हे नाव आठवड्यात पडतं.

कंपासपेटी अधूनमधून अजूनही हरवते. आई पत्राचं विचारायच्या थांबलेल्या नाहीत.