‘ऋणे सोड’ की ‘ऋणातून सोडव’?

नवापूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळीच्या (चर्चच्या) पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आहे, आणि तिच्यात ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असं म्हणतात. ऋण फेडतात, ते सोडतात कुठे? ही छपाईची चूक असून तिथे ‘ऋणातून सोडव’ हवं का? की सरळ ‘क्षमा कर’ किंवा ‘कृपा कर’ म्हणावं?

चूक नाही. त्याच प्रार्थनेत लगेच पुढे ‘वाइटापासून सोडव’ येतं, म्हणजे भाषांतरकाराला दोन्ही क्रियापदं नीट ठाऊक होती. सोडवतो तो तिसरा माणूस. सोडतो तो ज्याचं येणं आहे तोच. ‘ऋणातून सोडव’ म्हटलं की देव जामीन राहणारा होतो आणि सावकार कुणी दुसराच ठरतो. इथे तर देणं देवाचंच आहे.

आपल्याकडे हे समजायला बायबलचं मूळ ग्रीक लागत नाही, आखाजी (अक्षय्य तृतीया) पुरते. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि हिशेब होतो. वर्षभरात घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) अंगावर राहिली तर पुढच्या सालात ओढली जाते. पण कधी घरात आजारपण निघालेलं असतं, माणूस जुना असतो, आणि मालक म्हणतो, ‘जाऊ दे, सोडी दिनं.’ फेडायचं काम सालदाराचं, सोडायचं मालकाचं. सालदाराने कितीही ठरवलं तरी त्याला स्वतःची उचल सोडता येत नाही. आणि मालक ‘माफ केलं’ म्हणत नाही, कारण सालदाराने चोरी केलेली नसते. शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ऐवजी ‘कर्जमुक्ती’ हा शब्द लावून धरला, त्यामागे हेच होतं: माफी गुन्हेगाराला असते. ‘सातबारा कोरा करा’ या घोषणेत तर माफीचा शब्दच नाही.

आता मूळ पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना आहे; त्याच्या ग्रीक मजकुरात शब्द ‘देणी’ असाच आहे, आणि क्रियापद ‘आफिएमी’, म्हणजे जाऊ देणं, सोडून देणं. येशूची बोली अरामी. तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होतात. सोडण्याचा अरामी धातू श-ब-क. वधस्तंभावरची हाक आठवा: ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी?’ त्या ‘सबख्थनी’त तोच धातू आहे. तिथे अर्थ होतो ‘तू मला का सोडलंस?’ देणं सोडणं आणि माणसाला सोडणं, दोन्हीला एकच धातू. मराठीतही दोन्हीला ‘सोडणे’च. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातही (२:१४) खोडून टाकलेल्या एका लेखाचा उल्लेख आहे. त्यासाठीचा ग्रीक शब्द कर्जदाराने स्वहस्ते लिहून दिलेल्या कबुलीला वापरत. आपली हातचिठ्ठीच ती.

‘क्षमा’ चुकीचा शब्द नाही. याच प्रार्थनेच्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पाठात (११:४) ‘पापांची क्षमा’ आहेच, पण त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात तिथेही ‘ऋणी’ डोकावतो. फक्त क्षम् धातूचा अर्थ सोसणं. ‘सक्षम’, ‘कार्यक्षम’ त्याच घरचे, आणि सगळं सोसणारी पृथ्वीही क्षमा. म्हणजे हा शब्द क्षमा करणाऱ्याच्या ताकदीकडे बघतो. देणेकऱ्याच्या वहीत किती बाकी होती, हे तो सांगत नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायातल्या गोष्टीत ती बाकीच तर महत्त्वाची आहे: राजा चाकराचे दहा हजार तालांत सोडतो आणि तोच चाकर सोबत्याकडचे शंभर दिनार सोडत नाही. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. सहा कोटी दिवसांची मजुरी सोडून घेतलेला माणूस तीन-साडेतीन महिन्यांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. आकडा काढून टाका, गोष्टच उरत नाही.

राहिली ‘कृपा’. तिची अवस्था वाईट आहे, ‘कृपया रांगेत उभे राहा’ने तिला पार झिजवलं. केळीला भाव मिळाला की आपण ‘देवाची कृपा’ म्हणतो, म्हणजे चांगलं झाल्यावर. ख्रिस्ती शिकवणीतली कृपा त्याआधीची आहे; इफिसकरांस पत्रात (२:८) ती कमाई नाही, दान आहे. मालकाच्या ‘सोडी दिनं’ला कारण विचारलं तर ते सालदाराच्या कामात सापडत नाही, मालकाच्या मनात सापडतं. त्या कारणाचं नाव कृपा, आणि सोडणं ही तिची क्रिया. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कृपेसाठी ‘अनुग्रह व सत्य’ असंही आहे, पण आपल्याकडे गुरूकडून ‘अनुग्रह घेतात’, त्यामुळे मंडळीबाहेरच्या वाचकाला तो दीक्षेचा शब्द वाटेल.

तेव्हा पुस्तिकेत ‘सोड’ला ‘व’ जोडू नका. कुणी आधीच पेनाने जोडला असेल तर तो खोडा.