वाचकांचे प्रश्न : टाकीतले डॅनिओ

प्रश्न : मी दुकानातून सहा ‘झेब्रा’ मासे आणले, तीन निळ्या पट्ट्यांचे, तीन भडक गुलाबी. दोन्ही एकच जात, असे दुकानदार म्हणतो, आणि मोठ्या माशाला ‘जायंट डॅनिओ’. गुलाबी मासे रंग टोचून बनवतात का? आणि सकाळी तळाशी दिसलेली अंडी दुपारपर्यंत कुठे गेली?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दुकानदाराचे पहिले विधान खरे आहे. दोन्ही मासे ‘डॅनिओ रेरिओ’ याच जातीचे असून, फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील 1822 सालच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. डॅनिओ हे नाव बंगाली ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला मासा या अर्थाने आले, आपल्या ‘धान’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे.

गुलाबी मासे मात्र टोचून रंगवलेले नसतात. असे चमकणारे झेब्रा मासे सिंगापूरच्या संशोधकांनी प्रथम 1999च्या सुमारास तयार केले, तेव्हा पाण्यातील प्रदूषण ओळखणारा मासा घडवण्याचा त्यांचा विचार होता. हिरव्या रंगासाठी जेलीफिशचे जनुक माशाच्या अंड्यात घातले गेले, इतर रंगांसाठी अन्य सागरी जीवांची जनुके वापरली गेली, आणि म्हणूनच हा रंग पिल्लांतही उतरतो. त्यांना मुठा नदीत किंवा तळ्यात सोडू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

‘जायंट डॅनिओ’ मात्र आता डॅनिओ उरलेला नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांतही आढळणारा हा मासा संशोधकांनी ‘डेव्हारिओ’ या वेगळ्या प्रजातीत घातला असला, तरी दुकानातली पाटी जुनीच आहे.

अंडी तुमच्याच माशांनी खाल्ली! झेब्रा पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी देतात. ती चिकटत नाहीत, एक मिलिमीटरहूनही लहान असतात, आणि तळाशी पडताच आईबाप ती वेचतात. तळाशी काचेच्या गोट्यांचा थर पसरल्यास अंडी फटींत घरंगळतात आणि वाचतात. मग मोठे मासे दुसऱ्या टाकीत हलवावेत. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पण भिंग असेल तर त्यापूर्वीच पाहावे, कारण अंडे पारदर्शक असून सुमारे चोवीस तासांतच त्यात हृदय धडधडू लागते. याच पारदर्शकपणामुळे हा मासा प्रयोगशाळांत गेला. त्याच्या हृदयाचा कापलेला भाग पुन्हा वाढतो, हे 2002 साली दाखवले गेले.