बापाची घागर, मास्तरांची घागर

ताई,
माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर सुरतेला. मी नर्स आहे आणि ते आमच्या गावच्या मास्तरांमुळे. दहावीनंतर मला कापूस वेचायला धाडायचं ठरलं होतं. मास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसले, आई हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. पुढचे फॉर्मचे पैसेही त्यांनीच भरले. गेल्या पौषात ते वारले. मूलबाळ नाही, एक पुतण्या आहे. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्यावर पितरांसाठी भरतात तशी त्यांच्या नावाची घागर भरावी असं मनात आहे. मोठे काका ऐकत नाहीत. "बापनी घागर सोडीसन मास्तरनी घागर भरशी का? येडी व्हयनी का तू?" म्हणतात. वडील दारूपायी गेले, मी आठवीत होते. दोन बिघे विकून बसले होते. वही, म्हणजे आमच्याकडची लोकगाणी, छान गायचे आणि जाताना 'पोरीले शायमातून (शाळेतून) काढू नका' एवढं आईला बजावून गेले. बाकी त्यांनी मला काय दिलं? आई गप्प आहे. काय करू?

अगं, घागर भर. त्यात विचारण्यासारखं काही नाही. विचारण्यासारखं तुझ्या पत्रात दुसरंच आहे, त्याच्याकडे येते.

काकांना धर्माचं कारण हवं असेल तर ते आहे. पितृपक्षातल्या तर्पणात आजा-पणज्यांची नावं घेऊन झाली की सासरा, गुरू, मित्र, शिष्य यांनाही पाणी देतात. गावच्या भटजींना काकांसमोरच विचार. शिवाय अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली घागर दान द्यायची रीत सगळीकडेच आहे. त्यासाठी कुणी नातं तपासत नाही.

आणि 'परका' म्हणशील तर साने गुरुजी कुठे अमळनेरचे होते? कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० एवढीच वर्षं त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवलं, वसतिगृहातली पोरं सांभाळली, मग चळवळीत उतरून तुरुंगात गेले. पण तुमच्या तालुक्यात आजही त्यांना बाहेरचा म्हणून बघावं कुणी! मास्तर कोणत्या जातीचे ते तू लिहिलं नाहीस, काकांनीही तो विषय काढलेला दिसत नाही. काढलाच, तर तिथे मात्र मान खाली घालून ऐकून घेऊ नकोस.

पण मला नाही वाटत काकांना मास्तर खुपताहेत. त्यांना धास्ती आहे ती भावाची घागर कोरडी राहील याची. आणि ती धास्ती अगदीच खोटी नाही, खरं ना? तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मास्तरांचं ओट्यावर बसणं तू डोळ्यांपुढे उभं केलंस. वडिलांचं सगळं आयुष्य मात्र 'दारूपायी गेले'मध्ये उरकलंस. रागाला कारण आहे, ते मी नाकारत नाही. विकलेले दोन बिघे आईला किती जड गेले असतील, ते खान्देशात कुणाला सांगायला नको. बापाला देवपण देऊ नकोस. फक्त मास्तरांची घागर बापाला खिजवायला भरू नकोस. मास्तरांनाच ते आवडलं नसतं.

आणि 'शायमातून काढू नका' हे तू लिहिता लिहिता सोडून दिलंस. दहावीला तुझी आई हो म्हणाली, ती नुसती मास्तर उठेनात म्हणून? की दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने सांगितलेलं तिच्या मनात होतं म्हणून? मला ठाऊक नाही, तुलाही नाही. तिला विचार. चारचौघांत नको. सांजोऱ्या करायला दोघी बसाल तेव्हा विचार, हात कामात असले की बायका बोलतात.

दुसरं, वही. तुझे वडील वही गायचे. खान्देशातलं वहीगायन ज्या पुरुषांनी रात्र रात्र जागून गायलं, त्यांतल्या पुष्कळांनी ते कागदावर कधी आणलंच नाही. बहिणाबाई चौधरींना तरी कुठे लिहिता येत होतं? ओव्या ऐकून पोरानं उतरवल्या म्हणून त्या हाताशी राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी कविता छापून आल्या. सोपानदेव नसते तर जळगावच्या शेतातच सगळं विरलं असतं. तुझ्या वडिलांचं गाणं आता कुणाच्या तोंडात आहे? बहुधा काकांच्याच. रात्री जागरणाला भावाच्या मागे सूर धरून बसले असतील. त्यांच्यापुढे मोबाइल ठेव आणि म्हण, "काका, बाबा काय म्हनेत ते म्हना ना." पाठ असेल तेवढंच म्हणू देत, अडतील तिथे अडू देत, मध्येच रडले तर रडू देत. घागरीवरून तुम्हा दोघांचं जे वाजलंय, ते मिटवायला मला तरी याहून बरी वाट दिसत नाही.

आता घागरीचं. आधी मास्तरांच्या पुतण्याला फोन कर. घागर भरायचा पहिला मान त्याचा. तो भरणार असेल तर तू तिथे आंबे आणि खरबूज घेऊन जा, नमस्कार कर, झालं. तो भरणार नसेल तर त्याला सांगून तू भर. माहेरी आधी भावाच्या हातून बापाची घागर भरू दे, आगारीत, पितरांसाठी निखाऱ्यावर घास टाकतात त्यात, पहिला घास त्यांच्या नावाचा पडू दे. तुझ्या हातूनही एक पडू दे, लाजू नकोस. मग मास्तरांची. ती देवघरापाशी ठेवण्यावरून घरात कटकट होत असेल तर हट्ट धरू नकोस. सरळ गावच्या फाट्यावर ने, जिथे लोक एसटीची वाट बघत उन्हात उभे राहतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, अमळनेरही त्याच पट्ट्यात. एक मोठा रांजण, झाकण, ओगराळं आणि रोज पाणी भरणाऱ्या पोराला पावसाळ्यापर्यंतचे पैसे. शाळेत ठेवावा असं तुझ्या मनात येईल, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, प्यायला कोण येणार? नाव लिहायचंच तर मास्तरांचं लिही, 'सौजन्य' म्हणून स्वतःचं नको.

रजा मात्र आखाजीच्या दोन-तीन दिवस आधीपासून टाक. सणाच्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या, आलेल्या लेकी, झोके, यात कुणाला बोलायला फुरसत नसते, आणि काकांशी बोलणं आधी उरकायला हवं.

तुझी,
ताई