काच वर का चढते? हेल्मेटच्या खिट्टीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: हेल्मेटची काच नीट बंद राहत नाही. ही 'काच' खरं तर पॉलिकार्बोनेटची असते, पण सगळे तिला काचच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो. आणखी दोन शब्द सुरुवातीलाच वेगळे करून ठेवू. कानाजवळच्या चकतीतले जे दाते काचेला टप्प्याटप्प्यानं थांबवतात ते 'खटके', आणि पूर्ण बंद झालेली काच अडकवून धरणारा आकडा ती 'खिट्टी'. या दोघांची गल्लत झाली की दुरुस्ती भलत्याच जागी होते.

प्रश्न : ताशी ७०-८० किमीपर्यंत काच शांत असते. शंभर ओलांडले की एक खटका वर सरकते आणि मान वळवून मागे पाहिलं तर अर्धी उघडते. खिट्टी बदलावी का?

आधी तुमच्या हेल्मेटला खिट्टी आहे का, ते पाहा. अनेक हेल्मेटांत ती नसतेच. तिथे काच बंद ठेवण्याचं सगळं काम खटके आणि रबरी पट्टीची पकड यांच्यावर असतं.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. काचेची खालची कड २५ सेंमी लांबीत फक्त एक सेंमी बाहेर आलेली आहे, असं धरा. ताशी ६० किमीला तिच्यावर साधारण ४०-४५ ग्रॅम वजनाइतका जोर येतो, १२० ला तो पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात जातो. आकडा लहान वाटेल, पण तो लागतो कुठे ते पाहा. कड कानाजवळच्या आसापासून सुमारे १६ सेंमी दूर आहे आणि खटक्याचे दाते त्याच आसापासून दीड-दोन सेंमीवर. तरफेच्या हिशोबानं पावणेदोनशे ग्रॅमचा रेटा दात्यांपाशी दीड किलोच्या आसपास होतो. दोन बाजूंत वाटला तरी झिजलेला प्लॅस्टिकचा दाता त्यापुढे टिकत नाही. हनुवटीपाशी असलेली खिट्टी मात्र कडेलाच धरते, त्यामुळे तिला तेवढे पावणेदोनशे ग्रॅमच पेलायचे असतात. इवलीशी खिट्टी जे करते ते मोठ्या चकतीला का जमत नाही, याचं कारण एवढंच.

मान वळवली की वारा काचेच्या बाजूच्या कडेखाली शिरतो आणि ती उचलतो. वर हेल्मेटच्या कपाळावरून हवा वेगानं जात असल्यामुळे तिथे दाब कमी असतो, तो काचेला वर खेचतो.

म्हणून तपासणी या क्रमानं करा. काच बंद करून खालच्या कडेला मधोमध आणि दोन्ही टोकांना फट दिसते का पाहा. फट असेल तर दोष बसवणीचा आहे, त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. फट नसेल तर काच सावकाश उघडत प्रत्येक खटका मोजा. दोन्ही बाजूंचे खटके एकाच क्षणी लागायला हवेत. एक बाजू आधी 'टक्' करत असेल किंवा एखादा टप्पा गुळगुळीत निसटत असेल, तर चकत्यांची जोडी बदला. एकच बदलू नका, कारण जुना आणि नवा दाता सारखा धरत नाही. खिट्टीकडे सर्वांत शेवटी या.

प्रश्न : खिट्टी लागल्याचा आवाज येतो, तरी काच बोटानं सहज वर ढकलता येते.

आवाज स्प्रिंगचा असतो. आकडा किती खोल गेला, हे तो सांगत नाही.

काच बंद करा. खिट्टी सोडवणाऱ्या बटणाला हात न लावता अंगठा काचेच्या खालच्या कडेखाली घालून वर दाबा आणि त्या वेळी नजर बटणावर ठेवा. काच जेमतेम एक मिलिमीटर हलून थांबली आणि बटण जागचं हललं नाही, तर खिट्टी ठीक आहे. काच दाबताना बटण आपोआप सरकायला लागलं, तर आकडा झिजला आहे.

झीज कशी दिसते, ते भिंगातून पाहण्यासारखं आहे. नव्या आकड्याची पकडणारी बाजू काटकोनात किंवा किंचित आतल्या बाजूला कललेली असते. त्यामुळे काच वर ओढली गेली की आकडा आणखी आत खेचला जातो. ओढ जितकी जास्त, पकड तितकी घट्ट. हीच कड घासून गोल झाली की सगळं उलटं होतं. आता तीच ओढ आकड्याला उतारावरून बाहेर ढकलते. नखाएवढ्या भागात अर्ध्या मिलिमीटरची गोलाई आली तरी खिट्टी निकामी होते.

ही झीज बहुतेक वेळा एकाच सवयीनं होते: बटण न दाबता काच जोरानं वर ढकलणे. दर वेळी आकड्याची कड तासली जाते. कानस लावून ती पुन्हा काटकोनी करायच्या फंदात पडू नका. आकडा आखूड होतो आणि पकड आणखी कमी होते. आकडा काचेच्या ओठालाच घडवलेला असेल तर काच बदलावी लागते. तो हनुवटीच्या भागात स्क्रूनं बसवलेला असेल तर तेवढा भाग सुटा मिळतो का, ते त्या मॉडेलचं नाव देऊन विचारा.

कड शाबूत दिसत असेल तर आकडा ज्या खाचेत अडकतो तिच्यात काय साठलंय ते पाहा. धूळ, चिलटं आणि पावसाचा चिखल मिळून तिथे घट्ट थर बसतो आणि आकडा अर्ध्यावरच थांबतो. कोमट पाण्यात बुडवलेला मऊ टूथब्रश आणि लाकडी काडी पुरते. सुई घालू नका.

प्रश्न : नवी काच बसवल्यापासून डावीकडे ती रबराला टेकते, उजवीकडे कागद जाईल इतकी फट राहते. खिट्टी लावली की काच पिळवटल्यासारखी दिसते.

अशा तक्रारींत बहुतेक वेळा एका बाजूची काच चकतीत पूर्ण बसलेलीच नसते. ती काढा आणि पुन्हा बसवा. काच पूर्ण वर करा, चकतीवरची छोटी कळ दाबून धरा आणि त्या बाजूची काच पुढे सोडवा. मग दुसरी बाजू. बसवताना काच पूर्ण उघड्या स्थितीतच ठेवा, काचेवरची खूण चकतीच्या खुणेशी जुळवा आणि बरोबर आसाच्या डोक्यावर अंगठ्यानं दाबा. कडेवर दाबलं तर एक पाय आत आणि एक बाहेर राहतो. दोन्ही बाजू बसल्या की खिट्टी न लावता पाच-सहा वेळा उघडझाप करा.

तरीही फट राहिली तर चकत्यांची अदलाबदल झालेली नाही ना, ते पाहा. डाव्या-उजव्या चकत्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात आणि मागच्या बाजूला एल व आर कोरलेलं असतं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची काच कधीकधी बसल्यासारखी दिसते. तीही फट देते.

पुढची पायरी समायोजनाची. चकतीची स्क्रूची छिद्रं लांबट असतील तरच ते शक्य आहे. छिद्रं गोल असतील तर तिथे हलवण्यासारखं काही नाही. लांबट असतील तर फट असलेल्या बाजूचेच स्क्रू अर्धा फेरा सैल करा, काच बंद करून हलक्या हातानं मागे दाबून धरा, त्याच स्थितीत चकती जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे सरकवा आणि स्क्रू आवळा. आता दोन सेंमी रुंदीची कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा: मधोमध, दोन्ही कोपऱ्यांत आणि दोन्ही बाजूंना. पाचही जागी सारखाच अडकाव जाणवायला हवा. एखाद्या जागी पट्टी फाटायच्या बेतात येत असेल तर तिथे दाब जास्त आहे. अशा जागी रबर लवकर चेपतं आणि काच बंद करताना दर वेळी जोर लावावा लागतो.

स्क्रू बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवा आणि वर पाव फेरा, बस्स. हे स्क्रू पुष्कळदा प्लॅस्टिकच्या आट्यात बसलेले असतात, आटे एकदा गेले की चकती कायमची डगमगते. आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो थ्रेडलॉकर इथे चुकूनही वापरू नका. धातूसाठी तो उत्तम आहे, पण पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लॅस्टिकांत तो ताणाच्या जागी केसासारख्या चिरा पाडतो.

प्रश्न : खिट्टी आणि खटक्यांना कोणतं तेल द्यावं?

शुद्ध सिलिकॉन तेल, तेही प्रत्येक चकतीत एकच थेंब, दात्यांवर. रबरी पट्टीला कापडानं पुसट हात. जास्त झालं तर ते वाऱ्यानं काचेवर पसरतं आणि रात्री समोरच्या दिव्यांचे फरांटे दिसतात. यंत्राचं तेल, गंज सोडवणारे फवारे, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही नको. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही नको. धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. सुकलेल्या किड्यांवर ओलं कापड दहा मिनिटं ठेवा आणि मग पुसा. कोरडं घासलं तर वरचा कठीण लेप ओरखडतो.

प्रश्न : पावसात काच पूर्ण बंद केली की धुकं धरतं, एक खटका उघडली की पाणी आत येतं. काय करावं?

पहिला खटका हवा खेळण्यासाठी मोठाच पडतो. काही हेल्मेटांत खिट्टीलाच दोन स्थिती असतात: एक घट्ट बंद आणि दुसरी तीन-चार मिलिमीटरची फट ठेवून अडकलेली. तुमच्या हेल्मेटला ती आहे का, हे बटण अर्धं दाबून किंवा काच हळूच सोडून पाहा. ती नसेल तर कागदाचा बोळा किंवा काडी अडकवून फट ठेवू नका. खिट्टी अर्धवट लागून राहते आणि वर सांगितलेली आकड्याची कड त्याच ठिकाणी घासते. काचेच्या आतून बसणारं दुसरं भिंग हा त्यावरचा चांगला इलाज आहे. ते ज्या दोन खुंट्यांवर बसतं त्यांचा फिरण्याचा आस खुंटीच्या मध्यापासून किंचित सरकवलेला असतो. खुंटी फिरवली की भिंगाचा ताण वाढतो आणि कडेची सिलिकॉनची कड काचेला सगळीकडे टेकते. ती कड कुठे सुटलेली असेल तर धुकं नेमकं तिथूनच आत शिरतं.

प्रश्न : खिट्टी मधोमध चांगली की डाव्या बाजूला?

मधोमध. ताण दोन्ही बाजूंना सारखा जातो आणि काच पिळवटत नाही. डावीकडे ठेवण्याचं कारण वेगळं आहे: मोटरसायकलवर उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर असतो, मोकळा होतो तो डावा. डावीकडची खिट्टी असेल तर काच बंद करताना तळहात मधोमध ठेवून दाबा, एका कोपऱ्याला बोट लावून नव्हे.

प्रश्न : हनुवटीचा भाग उघडणाऱ्या हेल्मेटची खिट्टीही अशीच तपासायची का?

नाही. तिथे खिट्टीवर काच नव्हे, तर जबड्याचं संरक्षण अवलंबून आहे. एका बटणावरून दोन्ही बाजूंच्या आकड्यांना तार किंवा पट्टी गेलेली असते आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लागतात. बंद करताना आवाज दोनदा येतो का, ते ऐका. मग बटण न दाबता हनुवटीचा भाग आधी डावीकडून, मग उजवीकडून वर ओढा. एक बाजू सुटत असेल तर ते हेल्मेट दुरुस्त होईपर्यंत घालू नका. युरोपीय मान्यतेच्या शिक्क्यावर पी आणि जे ही दोन्ही अक्षरं असतील तरच ते हेल्मेट हनुवटीचा भाग उघडा ठेवून चालवण्यासाठीही तपासलेलं आहे.

प्रश्न : वेल्डिंगच्या हेल्मेटचा पुढचा भाग वर केला की दोन मिनिटांत आपोआप खाली येतो. सिलिकॉन तेल द्यावं का?

इथे मुळीच नको. मोटरसायकलच्या हेल्मेटात दाते धरतात, इथे घर्षण धरतं. तेल पडलं असेल तर बाजूच्या दोन्ही चाव्या (आवळायच्या गोल मुठी) उघडून वॉशर साबणानं धुवा, कोरडे करा आणि ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं बसवा. दोन्ही चाव्या सारख्या आवळा. मग वर केलेला भाग आसाच्या मागे पुरेसा झुकतो का, ते पाहा. तो सरळ उभाच राहत असेल तर थोडं वाकल्याबरोबर वजन पुढे येऊन तो पडणार. थांब्याची खीळ मागच्या छिद्रात घातली की हे सुटतं.

प्रश्न : खिट्टी नसलेल्या हेल्मेटला बाहेरून चुंबक किंवा हुक लावला तर चालेल का?

नको. हुकासाठी कवचाला पाडलेलं छिद्र त्याला नेमक्या धक्क्याच्या जागी कमकुवत करतं. चुंबकाच्या गोंदातला द्रावक पॉलिकार्बोनेटला चिरा पाडू शकतो. शिवाय हेल्मेटच्या युरोपीय नियमांत काच एका हाताच्या साध्या हालचालीनं नजरेसमोरून दूर करता आली पाहिजे अशी अट आहे. अपघातानंतर मदतीला धावलेल्या माणसाला ती काच उघडून श्वास पाहायचा असतो. तुम्ही लावलेला हुक कुठे आहे, हे त्याला माहीत नसतं. चकत्या नव्या घाला, कागदाच्या पट्टीनं फट तपासा, आणि तरीही काच वर चढत असेल तर खिट्टीचं हेल्मेट घ्या.