नेट नेमकं कुठे तुटतंय? लॅपटॉपच्या वाय-फायबद्दलचे प्रश्न

प्रश्न: लॅपटॉपवर दिवसातून बऱ्याचदा नेट जातं. कंपनीला फोन केला की ‘आमच्याकडून लाइन चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. सुरुवात कुठून करू?

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा, दुरुस्तीचं नंतर बघू. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा टप्पा हवेतला, तो वाय-फायचा. राउटरपासून पुढचा टप्पा कंपनीचा. आपण दोन्हींना सरसकट ‘नेट’ म्हणतो, त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो आणि ज्याचं काही बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करण्यात दिवस जातात.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता, घरगुती राउटरचा बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होतो. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो शेजारी-शेजारी लावा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता द्या, की तिकडून उत्तर येतं का आणि किती वेळात ते दिसतं. दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. पत्त्यापुढे जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला चिकटून टी हे अक्षर दिलंत, की तुम्ही थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. मग नेहमीचं काम करत राहा आणि नेट जायची वाट बघा.

गेलं की लगेच तिकडे नजर टाका. राउटरकडून उत्तरं नीट येताहेत आणि फक्त ८.८.८.८ च्या विंडोत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसतंय, तर तुमचं वाय-फाय निर्दोष आहे. वेळ टिपून ठेवा आणि कंपनीला नेमकं हेच सांगा. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा त्याला वजन असतं. दोन्हीकडची उत्तरं एकदम थांबली, तर गडबड लॅपटॉप आणि राउटरच्या मधली. तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही: उत्तरं येतात, पण एरवी दोन-पाच मिलिसेकंदांत येणारं राउटरचं उत्तर मध्येच तीनशे-चारशेवर जातं. म्हणजे जोडणी टिकून आहे, पण हवेत गर्दी किंवा गोंगाट आहे.

राउटर रीस्टार्ट केल्यावर बरं वाटतं यावरून राउटरच खराब आहे असं ठरत नाही. राउटर बंद झाला की लॅपटॉपही सुटतो आणि नव्याने जोडला जातो. पुढच्या वेळी राउटरला हात न लावता फक्त लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून चालू करा. तेवढ्यानेच नेट आलं, तर संशय लॅपटॉपवर. त्याच वेळी मोबाइलवरही तपासा, पण मोबाइल डेटा बंद करून, नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुमची दिशाभूल होते.

प्रश्न: चार्जर काढला किंवा स्लीपमधून लॅपटॉप उठवला की वाय-फाय सुटतं. चार्जर लावलेला असताना काही त्रास नाही.

इतकं स्वच्छ लक्षण क्वचितच मिळतं. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज वाय-फायच्या कार्डाची वीज कमी करतं आणि कार्डाला त्यातून नीट जागं होता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’खाली वायरलेस कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच दिसत नाही. तिथे ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावं लागतं.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपलं मॉडेल बघूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअरं माझ्या मते घरात घेऊच नयेत. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर उलट दिशेने जा: त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. आणि बदल केल्यावर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवतं आणि तोच परत उचलतं.

प्रश्न: राउटर त्याच खोलीत आहे, वाय-फायच्या कांड्या पूर्ण दिसतात, तरी फाइल कॉपी करताना हमखास नेट रखडतं. बॅकअपसाठी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावलेली असते.

तुम्ही हार्ड डिस्कचा उल्लेख केलात हे फार बरं झालं, कारण दोषी बहुधा तीच आहे. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबली काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात, आणि वाय-फायचा जुना पट्टा नेमका तिथेच आहे. इंटेलने २०१२ मध्ये याबद्दल सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. कांड्या फसवतात त्या इथेच: त्या मुख्यतः सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, भोवती गोंगाट किती आहे ते नाही.

खात्री करणं सोपं आहे. राउटरला पिंग चालू ठेवा, मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि आकडे बघा. कॉपी सुरू होताच ते उसळले आणि थांबताच खाली आले, तर शंका उरत नाही. मग केबल बदलून बघा. चांगल्या आवरणाची, आखूड केबल पुष्कळ फरक पाडते. डिस्क लॅपटॉपला चिकटून न ठेवता हातभर लांब ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाय-फायचे अँटेना स्क्रीनच्या चौकटीत असतात, त्यामुळे स्क्रीनमागे टेकवून ठेवलेली डिस्क ही सगळ्यात वाईट जागा. खरा उपाय मात्र ५ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या दुसऱ्या पट्ट्यावर जाणं. हा गोंगाट तिथे पोचत नाही. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही २.४ च्याच पट्ट्यात असल्याने त्यांचा त्रासही जातो.

२.४ वरच राहावं लागत असेल तर राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शेजाऱ्यांना टाळण्यासाठी ३ किंवा ८ निवडणारे बरेच भेटतात. त्याने नुकसानच होतं. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनेलवरच्यांना समोरचा नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतो.

प्रश्न: ५ गिगाहर्ट्झ हॉलमध्ये छान चालतं, आतल्या खोलीत सुटतं. रिपीटर घेऊ का?

आधी राउटर हलवून बघा. तो कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर असेल तर बाहेर, उंचावर, घराच्या मध्याकडे आणा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींनी जास्त अडतात. धातूचं कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे तर पक्के अडथळे. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलंत की सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला जोडणीचा भरवसा नाही. खोल्यांतून फिरून आकडे टिपा.

तरी भागलं नाही तर रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं उपकरण घ्या, पण तो सिग्नल सुटतो त्या खोलीत लावू नका. जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे, मधल्या वाटेवर लावा. एकाच पट्ट्यावर काम करणारा रिपीटर तेच बोलणं दोनदा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तार ओढता येत असेल तर राउटरला केबलने जोडलेला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं दुसरं उपकरण, केव्हाही सरस.

५ गिगाहर्ट्झ एखाद-दोन मिनिटं सगळ्याच उपकरणांवरून गायब होऊन परत येत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर रडारचा हक्क आधी असतो. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो, आणि अशा नव्या चॅनेलवर जाण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. ३६ ते ४८ पैकी चॅनेल कायमचा ठरवून द्या.

प्रश्न: नवा राउटर आणला. जुन्या लॅपटॉपला त्याचं नावच दिसत नाही.

लॅपटॉप फक्त २.४ वर चालणारा आहे का ते बघा. तसं नसेल तर वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. इंटेलच्या काही कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वाय-फाय ६ या नव्या पिढीची नेटवर्कं दिसतच नसत. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, अशी तक्रार असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर न ठेवता डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र ठेवा.

प्रश्न: ‘कनेक्टेड’ दिसतं, पण नेट नाही. नेटवर्क रीसेट करू?

इतक्यात नको. आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. पत्ता बरोबर आहे आणि ८.८.८.८ ला पिंग जातं, पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून १.१.१.१ देऊन बघा. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारं सॉफ्टवेअर) चालू राहिलं नाही ना, हेही पाहा. नेटवर्क रीसेटने साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, म्हणून तो अगदी शेवटी, पासवर्ड लिहून ठेवल्यावर.