वाचक विचारतात: ऑफिसात सायकलचं ट्रेनिंग ठेवायचं तर शिकवायचं काय?

मागच्या अंकात सायकलने कामावर जाणाऱ्यांबद्दल जरा लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांमधे बऱ्याच जणांचा सूर एकच होता, की आमच्या ऑफिसातल्या किंवा ग्रुपमधल्या लोकांना ट्रॅफिकमधे सायकल चालवायचं ट्रेनिंग द्यायचंय पण सुरुवात कुठून करायची. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून सहा प्रश्न घेतलेत. वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालते असं धरून लिहितेय, तुमच्याकडे उलट असेल तर बाजू बदलून वाचा.

प्रश्न: ताई, मी एका कंपनीत एचआरला आहे. आमच्याकडे पन्नासेक जण सायकलने येतात. सेफ्टी वीकमधे त्यांच्यासाठी तासाभराचं लेक्चर ठेवू असं साहेब म्हणतायत, हॉल आहे, प्रोजेक्टर आहे. एका तासात काय काय बसेल?

खरं सांगू का, एका तासात हजेरी बसेल आणि ग्रुप फोटो बसेल.

चेष्टा नाही करत, मी स्वतः हे करून बसलेय. पहिल्यांदा मला असं ट्रेनिंग घ्यायला बोलावलं तेव्हा मी चाळीस स्लाइड बनवून नेल्या होत्या, सगळ्या खुणा, सगळे नियम, आणि पंधराव्या मिनिटाला अर्धा हॉल मोबाइलमधे. शेवटी एकजण उठून म्हणाला मॅडम हे सगळं माहितीये हो, पण मागून गाडी येतेय का बघायला मान वळवली की माझी सायकलच त्या बाजूला जाते, त्याचं काय करू? आणि माझ्या चाळीस स्लाइडमधे त्याचं उत्तर नव्हतं.

तर त्यापासूनच सुरुवात करा. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हात आणि हातामागे हॅन्डल, म्हणजे माणूस गाडी बघायला जातो आणि त्याच गाडीच्या वाटेत शिरतो. हे भाषणाने जात नाही, सरावानेच जातं. ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमधे खडूने दोन समांतर रेघा मारायच्या, मधे हातभर जागा, त्यातून सरळ चालवायचं आणि ट्रेनरने मागे उभं राहून बोटं वर करायची, चालवणाऱ्याने मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं, चाक रेघेबाहेर न जाऊ देता. पहिल्या फेरीत बरेच जण रेघेबाहेर जातात, त्यात वीस वीस वर्षं सायकल चालवणारेही असतात, आणि मग सगळे आपोआप गंभीर होतात. हे जमलं की तेच एक हात सोडून, कारण वळायच्या आधी हात दाखवायचा असतो आणि तो दाखवताना सायकल लटपटली तर माणूस हात दाखवणंच सोडून देतो.

दुसरा सराव ब्रेकचा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर काहीतरी आलंय हे डोक्यात शिरून बोटं आवळेपर्यंत एक सेकंद धरा, ते साडेपाच मीटर असेच गेले, त्यानंतर चांगला ब्रेक लागला तरी अजून तीनेक मीटर लागतात. हे मीटर खडूने आखून दाखवा, आकडा ऐकून कोणाला काही वाटत नाही पण रेघ बघून वाटतं. ब्रेक दाबला की अंगाचं वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरायला लागतं, म्हणून थांबवायचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो, पण नुसता तोच गच्च दाबला तर माणूस हॅन्डलवरून पुढे. दोन्ही ब्रेक, हळूहळू दाब वाढवत, आणि बूड सीटच्या मागे सरकवायचं. अजून एक म्हणजे काही सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काहींना डाव्या. कंपनीच्या कॉमन सायकली असतील तर कोणता लिव्हर कुठला ते निघायच्या आधी बघायची सवय लावाच.

मग रस्ता. आधी शांत रस्ता, मग गर्दीचा, आणि एका ट्रेनरमागे सहाच्या वर लोक नकोत. ब्रिटनमधे २००७ पासून बाइकेबिलिटी नावाचा कार्यक्रम चालतो, त्याच्या तीन पायऱ्याही अशाच आहेत, आधी मैदान, मग कमी रहदारीचा रस्ता, मग खरा रस्ता, आणि त्यात मोठ्यांनाही शिकवतात. तुमचे पन्नास जण म्हणजे आठ-नऊ बॅच झाल्या, प्रत्येक बॅचला तीन तास, एका आठवड्यात हे होणारच नाही, दोन महिने घ्या. आणि हे कामाच्या वेळेत ठेवा बरं का! सुट्टीच्या दिवशी ठेवलं की जे आधीच नीट चालवतात तेवढेच हौसेने येतात, आणि ज्यांना गरज आहे ते घरी झोपतात (त्यात त्यांचं काही चुकत नाही).

प्रश्न: ट्रेनिंगची काय गरज? आम्ही दोनशे चांगली हेल्मेटं घेऊन वाटून टाकलीत.

छान केलंत, पण हेल्मेट उपयोगी पडतं ते डोकं आपटल्यावर, टक्कर टाळायला ते काही करत नाही. आणि वाटलेल्या दोनशेपैकी किती नीट बसलीत ते एकदा गेटवर उभं राहून बघा, मागे सरकून कपाळ उघडं टाकणारी आणि पट्टा लोंबकळणारी बरीच दिसतील. भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून वर नको. दोन पट्टे कानाखाली एकत्र येतात तिथे व्ही आकार दिसला पाहिजे, आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जातील एवढाच सैलपणा. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं, आतला फोम दबून मार शोषतो आणि एकदा दबला की पुन्हा फुगत नाही.

प्रश्न: आमच्याकडे कामगार सायकलने येतात आणि त्याच गेटमधून मालाचे ट्रकही जातात. दोनदा थोडक्यात वाचलंय. सायकलवाल्यांना ट्रेनिंग द्यायचं ठरलंय, ड्रायव्हरांना वेगळं द्यावं का?

वेगळं नको, एकत्र द्या. या सगळ्या पत्रांमधे मला सगळ्यात महत्त्वाचं तुमचंच वाटलं, कारण बाकीच्यांना गाड्या परक्या असतात, तुमच्याकडे दोन्ही बाजू एकाच पगारपत्रकावर आहेत.

एक ट्रक अंगणात उभा करा, इंजिन बंद, चावी काढलेली. प्रत्येक सायकलवाल्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि दुसऱ्याला सायकल घेऊन ट्रकच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाशी उभं करा. वर बसलेल्याला विचारा, दिसतोय का? उंच केबिनमधून बऱ्याचदा दिसतच नाही, आरशातही नाही, आणि अगदी समोर बंपरला चिकटून उभा राहिला तरी नाही. लंडनमधे पोलिसांनी सायकलवाल्यांना लॉरीच्या केबिनमधे बसवायचा असाच कार्यक्रम चालवला होता, एक्स्चेंजिंग प्लेसेस नावाचा. हे बघून आलेला माणूस सिग्नलला ट्रकच्या डाव्या फटीतून पुढे घुसत नाही, त्याला परत सांगावं लागत नाही.

दुसरं, ट्रक वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतल्या बाजूने वळण कापत जातात. म्हणून डावीकडे वळणारा ट्रक आधी थोडा उजवीकडे जातो, सायकलवाल्याला वाटतं वा, जागा झाली, आणि तो त्या जागेत शिरतो आणि मग ती जागा मिटत जाते. अंगणातच ट्रक अगदी हळू वळवून मागच्या चाकाची वाट खडूने आखा, सगळ्यांना लांब उभं करून. त्यानंतर ड्रायव्हरांना सायकलवर बसवून गेटपर्यंत आणि परत पाठवा, शेजारून मोठी गाडी गेली की हवेच्या झोताने हॅन्डल कसं हलतं ते त्यांनाही कळू दे. आधी हसतील, मग स्वतःच आरसे कसे लावायचे त्यावर वाद घालायला लागतील.

कारवाल्यांसाठी एक छोटी सवय, दार उघडायला दाराजवळचा हात न वापरता लांबचा हात वापरायचा. उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरने डाव्या हाताने. त्याने अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. याला डच रीच म्हणतात आणि ब्रिटनच्या हायवे कोडमधे, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, जानेवारी २०२२ च्या बदलांमधे हेही घातलंय. सायकलवाल्यांना याची दुसरी बाजू शिकवा, उभ्या गाड्यांच्या ओळीपासून पूर्ण उघडलेलं दार लागणार नाही इतकं लांब चालवायचं, मागून कोणी हॉर्न वाजवला तरी. मी स्वतः एकदा अशा दारावर आदळलेय, सायकल फार जोरात नव्हती पण मनगट सहा आठवडे प्लास्टरमधे होतं, आणि दार उघडणारा माणूस बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

आणि गेटचं काय? ट्रेनिंग झालं म्हणून सायकली आणि ट्रक एकाच फटीतून सोडत राहू नका. शिफ्ट सुटायची वीस मिनिटं ट्रक आत थांबवून धरता आले तर ते माझ्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा जास्त कामाचं आहे.

प्रश्न: आमचा रविवारचा सायकल ग्रुप आहे, चाळीस मेंबर, सगळे मुरलेले. ट्रेनिंग म्हटलं की हसतात. मुरलेल्यांना शिकवण्यासारखं काही असतं का?

मुरलेल्यांच्या चुका पण मुरलेल्या असतात! एक उदाहरण देते. चौकात पुढचा ओरडतो "क्लिअर" आणि मागचे पंधराजण न बघता निघतात. पुढच्याला क्लिअर होतं हो, पण पंधरावा चौकात पोचेपर्यंत आठ-दहा सेकंद गेलेली असतात. आमच्या एका ग्रुपमधे हा शब्दच बंद केला, गाडी दिसली तर "गाडी" ओरडायचं, नाही दिसली तर काही ओरडायचं नाही, आणि प्रत्येकाने स्वतः बघायचं.

दुसरं, पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक घालून चालवणं. चाकाला चाक घासलं तर पुढच्याला फारसं काही होत नाही, पडतो मागचाच, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. चाळीसजण एका रांगेत नेऊ नका, आठ-आठचे गट पाडा आणि मधे गाडीला ओव्हरटेक करून परत आत येता येईल एवढं अंतर सोडा. त्यांना ट्रेनिंग म्हणू नका, एका रविवारी नवीन मेंबरांना शिकवायला यांनाच उभं करा, शिकवताना माणूस आपल्या चुका आधी सुधारतो.

प्रश्न: रात्रपाळीच्या लोकांना कंपनीने चकाकणारी जॅकेटं दिलीत, तेवढं पुरेल का? आणि ट्रेनिंगचा उपयोग झाला हे मॅनेजमेंटला कसं दाखवायचं?

पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल, हे आधी, जॅकेट त्यानंतर. फ्लुरोसंट रंग दिवसा आणि संध्याकाळच्या उजेडात उठून दिसतो, अंधारात तो काही करत नाही, तिथे गाडीचा प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या लागतात. त्या पट्ट्या घोट्याला आणि गुडघ्याला बांधा. पाय वर खाली होतात आणि हलणारी चमक बघून ड्रायव्हरला लगेच कळतं की हा माणूस सायकल चालवतोय, नुसता लटकलेला रिफ्लेक्टर नाही.

आणि उपयोगाचं म्हणाल तर अपघात मोजू नका. पन्नास माणसांत वर्षाला अपघात एक झाला काय किंवा शून्य, त्यावरून काही ठरत नाही. गेटवर एक वही ठेवा, आज कुठे थोडक्यात वाचलो ते दोन ओळीत लिहायचं, नाव नको, आणि त्यावरून कोणाला ओरडायचं तर अजिबात नाही. महिन्याभरात एकाच वळणाचं नाव सहा वेळा आलेलं दिसेल, मग पुढचं ट्रेनिंग त्या वळणावर घ्या. पहिल्या महिन्यात नोंदी वाढतील, मॅनेजमेंटला हे आधीच सांगून ठेवा नाहीतर तुमच्यावरच येईल.

प्रश्न: माझं वय ४६. ऑफिसात सायकल ट्रेनिंगचं पत्रक आलंय, जायची फार इच्छा आहे पण मला सायकल मुळात येतच नाही. सगळ्यांसमोर पडायची लाज वाटते. जाऊ का?

जा, पण आयोजकांना आधी सांगा की नवशिक्यांची बॅच वेगळी ठेवा. तुम्ही एकट्या नसणार, दोन-तीन जणी तरी गप्प बसलेल्या असतात.

मागून सीट धरून कोणीतरी पळतंय असं शिकायचं नाही, त्यात तोल धरणारा सांभाळतो, तुम्ही नाही. दोन्ही पॅडल काढून टाकायची, सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील, आणि बसून पायाने ढकलत ढकलत जायचं. नजर चाकाकडे नको, लांब समोर. हळूहळू पाय उचलून दोन सेकंद, चार सेकंद, दहा सेकंद तरंगायचं. सायकल डावीकडे कलली की हॅन्डलही डावीकडे वळवायचं, म्हणजे जिकडे पडतोय तिकडेच, हे मनाला पटत नाही पण तोल त्यानेच सावरतो. पाय वर ठेवून वळता यायला लागलं की पॅडल परत लावायची. बऱ्याच जणांना हे दोन-तीन वेळच्या सरावात जमतं, आणि पाय कायम जमिनीजवळ असल्याने पडायची वेळ फारशी येत नाही. ट्रॅफिकच्या बॅचला मात्र लगेच जाऊ नका, आधी काही आठवडे मोकळ्या जागेत.

पॅडल काढताना एक लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. नेहमीसारखं उलटं फिरवत बसलात तर ते अजून घट्ट होईल, आणि मग तिथेच अर्धा तास जाईल.